छोटा हत्ती आणि घरचा पाना

पहाटे चारच्या सुमारास पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात शिरले, की भाजीच्या ढिगांच्या आधी गाड्यांची दाटी दिसते. टोमॅटोचे क्रेट, मेथीच्या जुड्या आणि कांद्याची पोती घेऊन आलेले छोटे हत्ती, बोलेरो पिकअप, मध्येच एखादी जुनी ओम्नी. हमाल माल उतरवत असतात आणि त्याच वेळी एखादा चालक पुढची सीट उचलून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून इंजिनावर वाकलेला असतो. सात वाजता दुसरे भाडे ठरलेले आहे. गॅरेज उघडणार दहाला. सातपर्यंतचे जे तीन तास आहेत, त्यांतच आपल्याकडची बरीचशी घरगुती वाहनदुरुस्ती घडते.

जुनी जीप किंवा मोटार रविवारी उघडून बसणारे हौशी लोक जगभर आहेत. छोट्या मालवाहू गाडीच्या मालकाची गोष्ट वेगळी आहे. त्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून तो पाना हातात घेतो. यातले कोणते काम खरेच घरी करावे, कोणते करू नये आणि गाडी ‘सुधारायची’ म्हणून जे जे बसवले जाते त्यातले किती गाडीच्या भल्याचे असते, याचा हिशेब नीट मांडण्याची वेळ आली आहे. कारण गाड्या बदलल्या आहेत. वीस वर्षांपूर्वी जे अंगणात जमत होते, त्यातले काही आज जमत नाही.

मुळात छोटी मालगाडी हा महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला विषय आहे. ‘टेम्पो’ हा शब्द आपण आता कोणत्याही मालगाडीला वापरतो, पण तो एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव होता. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि ‘हान्सेआट’ ही तीनचाकी रस्त्यावर आणली. पुढे मॅटाडोर आली. या गाड्यांनी गावोगावी फिटरांची एक पिढी घडवली. त्यानंतरचे मोठे वळण २००५ सालच्या मे महिन्यात आले. टाटा मोटर्सने ‘एस’ बाजारात आणली आणि लोकांनी तिचे छोटा हत्ती असे बारसे केले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती घडवली. इंडिका मोटारीच्या १४०५ सीसीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे जणू दोन तुकडे करून त्यातला एक या गाडीत बसवला: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. पाऊण टन वजन वाहणारी, बारा इंची चाकांवर धावणारी, अरुंद गल्लीत वळणारी ही गाडी तीनचाकी रिक्षाटेम्पो आणि मोठा ट्रक यांच्या मधली मोकळी जागा भरून गेली.

घरच्या दुरुस्तीच्या दृष्टीने या गाडीचे मोठेपण तिच्या साधेपणात होते. इंजिनावर संगणक नव्हता. डिझेलचा पंप यांत्रिक होता. पुढे आणि मागे दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. ट्रॅक्टर खोलणाऱ्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून कळत होती. दोन सिलिंडरच्या इंजिनाला थरथर जास्त असते, त्यामुळे तिची दुखणीही ठरावीक: इंजिनाचे रबरी माउंटिंग बसणे, सायलेन्सरचे ब्रॅकेट तडकणे, एखादी वायर पत्र्याला घासून उघडी पडणे. मालकाने महिन्यातून एकदा गाडीखाली झोपून या तीन गोष्टी नजरेखालून घातल्या तरी रस्त्यात उभे राहण्याचे बरेच प्रसंग टळतात.

मात्र सर्वांत जास्त गाड्या ज्या कारणाने मरतात ते कारण याहून साधे आहे. पाणी. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरत राहण्याची सवय राज्यभर आहे. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरच्या बाजूला हे पाणी जड असते. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत चुन्यासारखा धरतो, आतून गंज सुरू होतो, उष्णता बाहेर पडेनाशी होते. एप्रिलमध्ये भरलेली गाडी घाट चढू लागली की काटा लाल रेषेवर जातो. चालक आणखी दोन किलोमीटर रेटतो आणि हेड गॅसकेट उडते. तेव्हा इंजिन उघडण्याला पर्याय उरत नाही.

यावरचा उपाय अंगणात होतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जुने पाणी काढायचे, साध्या पाण्याने दोनतीनदा धुवायचे आणि तयार कूलंट भरायचे. घट्ट कूलंट आणले असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे निम्मे मिसळायचे. ओम्नी आणि ईको यांच्यात एक गोष्ट आणखी सांभाळावी लागते. त्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे, त्यामुळे पाण्याचे पाइप लांब असतात आणि भरताना मध्ये हवा अडकते. टाकी भरलेली दिसते आणि इंजिन तरी तापते. इंजिन चालू ठेवून, हीटर उघडा ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरणे हाच रस्ता. रेडिएटरचे झाकण दाब धरते, त्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम गाडीचे झाकण फिरवले की तो दाब एकदम सुटतो आणि वाफ तोंडावर येते. भाजलेले हात आणि चेहरे घेऊन फिरणारे चालक प्रत्येक ट्रक टर्मिनलवर सापडतात. झाकणाला हात लावण्यापूर्वी अर्धा तास थांबा, एवढे एक वाक्य प्रत्येक केबिनमध्ये रंगवायला हवे.

ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे, एअर फिल्टर झटकणे, फॅन बेल्टचा ताण पाहणे, क्लचची केबल आवळणे, ग्रीस निपलना ग्रीस भरणे, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा क्षार गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावणे: ही कामे कोणीही शिकू शकतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी पावसाळ्यात दर पंधरवड्याला सोडून द्यावे. टाकी कोरडी पडून यांत्रिक पंपाच्या गाडीत हवा शिरली, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. फेस जाऊन स्वच्छ डिझेल आले की स्क्रू आवळायचा. ही विद्या घाटात खूप कामाला येते.

पण हीच विद्या नव्या कॉमन रेल डिझेलवर आजमावू नये. तिथे इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत हजार बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना ती नळी सैल केली तर सुईसारखी धार कातडी भेदून आत जाते, आणि अशा जखमेला तासाभरात शस्त्रक्रिया लागू शकते. वरून केवळ टोचल्यासारखे दिसते, म्हणून माणसे दुर्लक्ष करतात आणि बोट गमावतात.

गाडी उचलण्याच्या बाबतीतही असेच. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. तरीही जॅकवर उभ्या गाडीखाली किंवा जास्तीत जास्त दोन विटा लावून लोक खाली शिरतात. वीट भार सोसते, पण एका क्षणी भुगा होऊन बसते. आधी वाकून इशारा देत नाही. लोखंडी स्टँडची जोडी एका सर्व्हिसिंगच्या खर्चात येते. पान्यांचा संच घेण्यापूर्वी ती घ्यावी.

ब्रेकबद्दल मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. जुने फिटर म्हणतात, ब्रेकला मालकाने हात लावू नये. हे पूर्ण पटत नाही, कारण जो मालक ब्रेक कधीच उघडून पाहत नाही, त्याचे लायनर रिव्हेटपर्यंत झिजले तरी त्याला कळत नाही. मागचा ड्रम काढून लायनर किती उरले, व्हील सिलिंडरमधून ऑइल गळते का, हे पाहणे मालकाचे कामच आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळते. ओल धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. भरलेली गाडी आंबेनळी किंवा वरंध घाट उतरताना ब्रेक तापले, की त्या ओलीची वाफ होते आणि पॅडल एकदम जमिनीला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे. बदलण्याचे काम मात्र ज्याने दहावेळा कोणाच्या हाताखाली केले आहे त्यानेच करावे. आणखी एक: ड्रममधली काळी भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुफ्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसावे.

ओम्नीचा उल्लेख वर आला. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली, ७९६ सीसीची ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, पण रुग्णवाहिका, टिफिनची गाडी, मंडप-डेकोरेशनची गाडी म्हणून ती अजून दिसते. सुझुकीच्या ‘कॅरी’ या जपानी घराण्यातली ती. कराचीत तशीच गाडी ‘बोलान’ नावाने २०२४ पर्यंत बनत होती. ओम्नीचा खरा शत्रू इंजिनात नसून पत्र्यात आहे. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या खाऱ्या हवेत दाराच्या खालच्या कडा आणि फरशीचा पत्रा आधी जातो. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. चिखलाने ती बुजली की दाराच्या पोटात पाणी साचते. पावसाळ्याआधी तारेने ही छिद्रे मोकळी करणे आणि खालून गंजरोधक थर देणे याला दोन दुपार पुरतात. सरकत्या दाराचे रोलर हे दुसरे काम. तिथे जाड ग्रीस लावले की धूळ चिकटून ते लवकर झिजतात. पुसून हलके तेल लावलेले बरे.

आता सुधारणांकडे. आपल्याकडे सुधारणा म्हटली की पहिला क्रमांक ज्यादा पाट्याचा. पाऊण टनाच्या गाडीत दीड टन घालायचा, मग पाटे बसतात, म्हणून एक-दोन पाटे वाढवायचे. हौद्याच्या बाजू उंच करायच्या. गाडी आता दबत नाही, म्हणून मालकाला वाटते की ती तेवढ्या वजनाची झाली. इथेच सगळी गल्लत आहे. पाट्यांनी फक्त गाडी उभी दिसते. अ‍ॅक्सलचे बेअरिंग तेच, चेसिस तीच, ब्रेकचे ड्रम तेच आणि टायरही तेच. टायरच्या बाजूवर भारांक कोरलेला असतो. ८६ हा आकडा असेल तर एका चाकावर ५३० किलो, त्यापलीकडे नाही. वजन दुप्पट झाले की थांबवायची ऊर्जाही दुप्पट होते, आणि वेग दुप्पट झाला तर चौपट. शिवाय जाड पाट्यांमुळे रिकामी गाडी उडते, मागची चाके ओल्या रस्त्यावर पकड सोडतात. पाटे तुटण्यापूर्वी निदान गाडी झुकून सांगत होती, की बस्स झाले. ती खूण आपण बंद करून टाकतो.

यात चालकाला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. भाडे खेपेवर ठरते आणि व्यापारी दोन खेपांचा माल एका खेपेत बसवा म्हणतो. पण २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार ज्यादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये असा आहे, आणि तो व्यापाऱ्याच्या नव्हे, गाडीवाल्याच्या खिशाला लागतो.

खरोखर पैसे वसूल करणाऱ्या सुधारणा दिसायला फिक्या असतात. उदाहरणार्थ दिव्याची रिले. साध्या हॅलोजन बल्बला ५५ ते ६० वॅट लागतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे पाच अँपियर. जुन्या गाडीत हा सगळा प्रवाह बारीक वायरीतून आणि स्टीअरिंगजवळच्या झिजलेल्या स्विचमधून जातो. वाटेत दहा टक्के व्होल्टेज पडले तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, साधारण तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर थेट दिव्यापर्यंत नेली, अर्थिंगची जागा घासून स्वच्छ केली, की तोच बल्ब नवा वाटतो. याउलट हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत भगभगीत एलईडी बल्ब घातला तर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि स्वतःचा रस्ता तितकाच अंधारा राहतो. रात्रीच्या महामार्गावर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने त्याची किंमत का मोजावी? मागे आणि बाजूंना चकाकणाऱ्या पट्ट्या लावणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. उसाच्या हंगामात रस्त्याकडेला बंद पडलेल्या गाडीला त्या पट्ट्याच वाचवतात.

सीएनजीबद्दल मात्र तडजोड नको. पेट्रोलच्या छोट्या गाड्यांना गॅस स्वस्त पडतो, हे खरे. पण सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, दर तीन वर्षांनी त्याची दाबचाचणी सक्तीची आहे आणि किट मान्यताप्राप्त केंद्रातच बसवून आरसी पुस्तकात नोंदवावे लागते. पोलादी सिलिंडरचे वजन अर्ध्या क्विंटलच्या घरात जाते. तेवढा माल कमी भरायला हवा, हे फार थोडे लोक धरतात. आणि घरगुती लाल सिलिंडरवर ओम्नी चालवण्याचा जो प्रकार कित्येक वर्षे चालला, त्याने माणसे होरपळली आहेत. त्या गाड्यांत शाळेची मुले बसत होती. याला जुगाड म्हणून कौतुकाने पाहणे थांबले पाहिजे.

गाडीचे मूळ रूप बदलण्याबाबत कायदा आता बराच कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचे सार असे, की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या रचनेशी विसंगत फेरबदल चालणार नाही. मालकाने विनापरवाना फेरबदल केला तर प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पासिंग नव्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी, आठ वर्षांपर्यंत तसेच, आणि पुढे दरवर्षी. त्यामुळे काढता येईल असे फळ्यांचे रॅक, दोर बांधायच्या कड्या, ताडपत्रीच्या कमानी यांना हरकत येत नाही. चेसिस कापणे, इंजिन बदलणे, सीटा वाढवणे यांना येते. विम्याचा दावाही याच ठिकाणी अडतो.

सुट्या भागांचा बाजार हा वेगळाच अभ्यास आहे. पुण्यातली नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर. उद्यमनगरात तर जो भाग मिळत नाही तो लेथवर करून मिळतो. इथे मालकाने एवढे पाळावे: आरसा, दाराचे हँडल, सीट, बंपर जुने घेतले तरी चालते, ब्रेकचे लायनर, स्टीअरिंगचे जोड, व्हील बेअरिंग जुने किंवा बेनामी घेऊ नये. डब्यावरचे छापील नाव नकली असू शकते, म्हणून पक्के बिल मागावे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे त्या खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. तेथे वाहनांचाही समावेश आहे. पण उद्यमनगरातल्या फिटरला आजही हवी असते ती गोष्ट साधी आहे: वायरिंगचा नकाशा, आणि तो मराठीत.

ही गरज १ एप्रिल २०२० नंतर तीव्र झाली. त्या दिवसापासून बीएस-६ गाड्याच विकता येऊ लागल्या. छोट्या हत्तीचीही ६९४ सीसीची इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी आली. आता ‘आवाज ऐकून’ बिघाड सांगणारा उस्ताद पुरेसा नाही, त्याच्या जोडीला वाचकयंत्र लागते. हजार-दीड हजारात मिळणारे ब्लूटूथ यंत्र गाडीच्या सॉकेटला लावले की मोबाइलवर कोड येतो. पी०३०० म्हणजे सिलिंडर मिसफायर होत आहेत, पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. कोड हे निदान नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. मिसफायरचे मूळ प्लगमध्ये असेल, कॉइलमध्ये असेल, नाहीतर इंधनात. कोड पाहून थेट महागडा सेन्सर बदलणारे अनेक आहेत. आधी पाच मिनिटे वायरींचे जोड आणि फाटलेली रबरी नळी तपासली असती तर त्यातल्या अनेकांचे पैसे वाचले असते. आणि कोड पुसून गाडी पुढे रेटणे म्हणजे ताप मोजण्याचे थर्मामीटर फोडणे.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त अवजार म्हणजे शंभर पानी वही. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणते ऑइल, कोणता भाग, किती रुपयांत. ज्यांच्या केबिनमध्ये अशी वही असते त्यांना फिटर फसवू शकत नाही आणि गाडी विकताना चार पैसे जास्त मिळतात.

२०२२ मध्ये छोटा हत्ती इलेक्ट्रिक झाला: २१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी, ६०० किलोची क्षमता. त्यात ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबल मात्र आहेत, आणि त्यांना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने बोटही लावू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रिक वाहनांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. मार्केट यार्डातल्या चालकाची मुले तिथे जातील तेव्हा त्यांना घरून आलेले बरेचसे ज्ञान तसेच लागू पडेल: या गाडीलाही टायर आहेत, व्हील बेअरिंग आहेत, ब्रेक ऑइल आहे, दिव्यांसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी आहे, आणि तिच्या टोकांवर तोच पांढरा क्षार जमतो.